पहिले प्रूफ

माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेची बांधीव प्रत कपाटात सुखरूप आहे. २००५ साली विद्यापीठाला सादर केलेली, काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची. तिच्या परिशिष्टात माझ्या आजीने सांगितलेल्या ३१२ जात्यावरच्या ओव्या छापलेल्या आहेत. असे असताना विंडोज एक्सपी ही केव्हाच निवृत्त झालेली प्रणाली नव्या लॅपटॉपवर चढवण्यासाठी मी इतका आटापिटा का करते आहे, असा प्रश्न घरच्यांना पडणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर मला थोडे ओशाळवाणे करणारे आहे.

त्या परिशिष्टातली भाषा आजीची नाही, माझी आहे. आजी भिलवडीची. तिच्या तोंडी ‘न्हाई’, ‘माज्या’, ‘येळ’, ‘ऱ्हायली’ असेच शब्द असत, आणि मी वहीत ते तसेच उतरवून घेतले होते. डीटीपीवाल्यानेही वहीबरहुकूम टंकन केले. पहिले प्रूफ पाहून माझ्या मार्गदर्शकांनी ‘परीक्षकांना हे अशुद्ध वाटेल’ असा शेरा मारला, आणि मी, पंचविशीतली, नोकरीच्या शोधात असलेली मुलगी, तीन रात्री बसून आजीला शुद्ध केले. ‘बाई’शी ‘न्हाई’ जुळत होते. ‘नाही’ केल्यावर यमक गेले. मराठीची एम.ए. झालेल्या व्यक्तीला हे कळले नसेल असे कसे म्हणावे? कळले होते. तरी केले. मूळ वह्या आहेतच, पुढेमागे पाहू, अशी मनाची समजूत घातली.

वह्या आत्याकडे गावी, पेटीत होत्या. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा भिलवडीच्या आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. ओसरल्यावर पेटीत निघाला तो शाईच्या वासाचा लगदा. आजी २००८ सालीच गेली होती. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या पुष्कळशा आज वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. त्यांत आजीच्या ओव्यांच्या बहिणी मला भेटल्या. आजी भेटली नाही. उरली होती डीटीपीवाल्याने बिलाबरोबर दिलेली सीडी. तिच्यावर दोन फायली होत्या. एकीचे नाव ‘फायनल’, दुसरीचे ‘प्रूफ १’.

आता तांत्रिक अडचण सांगते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा.

त्या काळी मराठी टंकनाची जी पॅकेजे प्रचलित होती, त्यांतली बहुतेक युनिकोड पाळत नसत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत: काना एका जागी, अर्धा न दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फाँट असला तर मराठी दिसे. नसला तर त्याच मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची भेळ. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण डीटीपीच्या दुकानात ती पोहोचायला पंधराएक वर्षे लागली. माझ्या फायली पेजमेकरमधल्या. त्या सॉफ्टवेअरची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही शेवटची, आणि नव्या लॅपटॉपवरच्या विंडोज ११ वर ती काही केल्या बसेना. जुना संगणक होता, त्यावर सारे चालत असे. त्याचा मदरबोर्ड टाळेबंदीच्या काळात गेला तो गेलाच. एक्सपीची मूळ सीडी मात्र माझ्याजवळ होती. मला वाटले, सीडी घालायची आणि पुढे-पुढे म्हणत जायचे. आम्ही पूर्वी तसेच करीत असू.

लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह आणला. लॅपटॉपने त्या सीडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. आमच्या महाविद्यालयातला बी.सी.ए.चा एक विद्यार्थी मदतीला आला. वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकात कविता लिहिणारा मुलगा. तो म्हणाला, ‘‘मॅडम, हे मशीन सुरू होण्याची पद्धतच वेगळी आहे. एक्सपी ज्या बायॉसवर उठायची ते यात ठेवलेलंच नाही. तुमची सीडी दारात उभी आहे, पण दाराला कडीच नाही.’’ उपमा चांगली होती, मी तसे त्याला सांगितलेही.

समजा कडी वाजली असती, तरी आत तिला काही ओळखीचे दिसले नसते. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. आजच्या डिस्कशी बोलण्याची भाषा तिला येत नाही. जिथे येत नसे तिथे सुरुवातीलाच एफ ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून तिला ती शिकवावी लागे. फ्लॉपीवरून! त्या मुलाने फ्लॉपी प्रत्यक्षात पाहिलेली नव्हती. ‘सेव्ह’च्या चिन्हातला तो चौकोन म्हणजे फ्लॉपी, हे कळल्यावर तो बराच वेळ हसत होता.

मग त्याने दुसरा मार्ग काढला. व्हर्च्युअलबॉक्स नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर असते. ते लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक उभा करते. खोटा बायॉस, खोटी डिस्क, खोटे सगळे. एक्सपीला वाटते आपण आपल्याच काळात आहोत. पहिल्या खेपेला निळ्या पडद्यावर उत्तर आले की या संगणकात हार्ड डिस्कच सापडत नाही. आम्ही घाईघाईत खोटी डिस्कही नव्या पद्धतीची, साटाची, जोडली होती. ती काढून जुन्या आयडीई पद्धतीची जोडली आणि एक्सपी निमूट पुढे सरकली. चाळीस मिनिटांनी ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश पडद्यावर आले. चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपलेले ते छायाचित्र आम्ही वर्षानुवर्षे पाहिले, पण ते खऱ्या जागेचे आहे हे मला फार उशिरा कळले. इंटरनेटची जोडणी मुद्दाम बंद ठेवली. एप्रिल २०१४ पासून एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, तिला उघड्यावर सोडणे बरे नव्हे.

कोपऱ्यात एक सूचना उमटली: सक्रिय करण्यासाठी ३० दिवस उरले आहेत. विद्यार्थी म्हणाला, ‘‘काळजी करू नका मॅडम, आजची स्थिती साठवून ठेवतो. मुदत संपली की मागे जायचं, पुन्हा ३० दिवस.’’ मी नको म्हटले. वीस वर्षे ‘पुढेमागे पाहू’ म्हणत काढली होती, एखादी तारीख समोर असलेली बरी.

पेजमेकर चढले. फाँट चढले, टंकनासाठी त्या पॅकेजला प्रिंटरच्या खाचेत बसणारे कुलूप लागे, नुसते पाहायला नाही, हे आमचे नशीब. सीडीवर दोन ओरखडे होते. ‘फायनल’ उघडलीच नाही, आणि त्याचे मला तिळमात्र दुःख झाले नाही. ‘प्रूफ १’ उघडली.

पहिल्याच पानावर ‘न्हाई’ होते.

डीटीपीवाल्याने इतके इमानाने टंकले होते की वहीतल्या माझ्या स्वतःसाठीच्या नोंदीही त्याने कंसात घेतल्या होत्या. ‘इथे आजी थांबली, पाणी प्याली.’ ‘ही ओवी आत्याने पुरी केली.’ एका ठिकाणी, ‘आजी म्हणते ही लिहू नको.’ ती ओवी सासूविषयी आहे. आजीने लिहू नको म्हटले, मी लिहिली, आणि अंतिम प्रतीत माझी नोंद तेवढी गाळली. वीस वर्षांपूर्वी मी काय काय गाळले, याचा हा दस्तऐवज माझ्याइतका दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही.

मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलणे हे खरे काम. परिवर्तक मिळतात, पण ते प्रमाण मराठीच्या भरवशावर केलेले असावेत. ह्रस्व इकाराचे ठीक आहे: जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडमध्ये ती नंतर येते, ही अदलाबदल परिवर्तक बिनबोभाट करतो. परंतु ‘ऱ्हायली’ आली की तो अडखळतो. आपल्या मराठीतला तो आडवा, चंद्रकोरीसारखा र त्याला रफारच वाटतो आणि तो सरळ ‘ह’च्या डोक्यावर नेऊन ठेवतो. ‘सुऱ्या’चा ‘सूर्या’ व्हावा तसे. आजीच्या ओव्यांत ‘ऱ्हायली’, ‘ऱ्हातो’, ‘ऱ्हानं’ पावलोपावली. म्हणजे मी जे एकदा केले ते आता यंत्र करू पाहत होते. त्यामुळे डावीकडे एक्सपीची खिडकी, उजवीकडे नवी फाइल, आणि एकेक ओवी डोळ्यांनी ताडून पाहणे, याला पर्याय नाही. रोज रात्री दहा-बारा होतात.

सासूविषयीच्या ओवीचे काय करावे हे मला ठरवता येईना, म्हणून आत्याला फोन केला. तिला आता ऐशीवे लागले आहे. मी पहिला चरण म्हणताच पुढचा तिनेच म्हटला, आणि फाइलीत नसलेला एक शब्द त्यात होता. मी विचारले, तुझा बरोबर की आजीचा?

‘‘अगं, मी माजा म्हनले, तिनं तिचा म्हनला. तू लिव्हलंस काय त्ये बग.’’

दोन्ही लिहिले आहेत. आज सव्विसावा दिवस. ३४ ओव्या उरल्या आहेत.