कार्ड कुठलं?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी 'वय वंदना' कार्डांचं शिबिर झालं. सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ला हे सुरू केलं. दोन टेबलं, एक लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र. पहिला अर्धा तास कोणी खाली उतरेना, सगळे गॅलरीतून बघत होते. मग बी विंगमधले, बँकेतून रिटायर झालेले काका 'सहज बघायला' आले. आधार कार्ड मात्र खिशातच होतं. यंत्राने त्यांचा अंगठा चार वेळा नाकारला, शेवटी ओटीपीवर भागलं. छापलेला कागद हातात पडताच काकांनी त्याची घडी घालून ती पेपरात सरकवली. सोसायटीच्या ग्रुपवर 'रेवडी' या विषयावरचा सगळ्यांत लांब मेसेज त्यांचाच होता. मी काही बोललो नाही. आईचं कार्ड काढायला मीही रांगेत होतोच.

*

महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डं १ मे १९९९ला आली. पिवळं, केशरी, पांढरं. केशरीची मर्यादा वर्षाला एक लाख. त्याच्या वर गेलात की पांढरं. त्या काळी लाखाचं उत्पन्न म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पुढे पगार वाढले, महागाई वाढली, रेघ तिथेच राहिली. महिना साडेआठ हजार मिळवणारा वॉचमन आणि त्याच गेटमधून गाडी बाहेर काढणारा मालक कागदावर एकाच रंगाचे झाले.

तरी पांढऱ्या कार्डाचा एक तोरा होता. आमच्या घरी ते गॅसच्या पुस्तकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत असायचं आणि त्यावर कधी साखरही आणलेली नव्हती. 'आपल्याला काय करायचंय रेशनचं' असं बाबा म्हणायचे. मग चुलत्यांना बायपास सांगितली. सरकारी योजनेत ऑपरेशन पिवळ्या-केशरी कार्डावरच होत होतं. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने तालुक्यात कोणाला ना कोणाला फोन करून एकच विचारलं : पांढऱ्याचं केशरी करून मिळेल का?

*

त्या योजनेची नावं. १९९७ साली 'जीवनदायी'. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी', पुढच्या वर्षी राज्यभर. २०१७पासून 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य'. मग तिच्याशी केंद्राची 'आयुष्मान भारत' जोडली. सरकारं बदलली तशा पाट्या बदलल्या. दवाखान्यातले लोक अजून म्हणतात, 'पिवळ्या कार्डावर झालं ऑपरेशन.' फुले नाहीत, गांधी नाहीत, लक्षात राहिला तो रंग.

*

२०२३मध्ये राज्याने ठरवलं की ही योजना सगळ्यांना. २०२४मध्ये अंमल सुरू झाला. उपचारांची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली आणि पांढरं कार्डही आत आलं. ऑफिसात बातमी वाचून दाखवली.

ड्रायव्हर : 'कुठल्या हॉस्पिटलात चालतं, यादी मिळंल का?'

अकाउंट्समधले : 'म्हणजे आता आमचा प्रीमियम वाढणार.'

साहेब : 'पैसा कुठून आणणार आहेत?'

साहेबांचा प्रश्न चुकीचा नाही, मलाही तो पडतो. पण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यांच्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो त्यांना पडला नव्हता.

*

पैसा कुठून येतो यावरून आठवलं. आयकरात आरोग्यविम्याचं एक कलम आहे, वर्षानुवर्षं ८०डी या नावाने ओळखलं गेलेलं. जुन्या कररचनेत मेडिक्लेमच्या हप्त्यावर पंचवीस हजारांपर्यंत वजावट, ज्येष्ठांसाठी पन्नास हजार. म्हणजे माझ्या विम्यातला काही भार सरकार उचलतं. त्यासाठी मला अंगठा द्यावा लागत नाही, तहसीलदाराचा दाखला नाही, रंगीत कार्ड नाही. सीए एका रकान्यात आकडा टाकतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, त्या दिवशी ग्रुपवर फुलं आणि नमस्कार. रेवडी हा शब्द कोणाच्या बोटाला सुचला नाही.

सरकारी कागदात मावशी 'लाभार्थी', मी 'करदाता'. मावशी मीठ सोडून जे काही विकत घेतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर कर भरतात, हा हिशेब त्या कागदात कुठे बसत नाही.

*

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या. केशरी कार्ड. पाच लाखांचं त्यांना मोठ्या उत्साहाने समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग : 'त्याच्यात शुगरच्या गोळ्या मिळत्यात का?'

नाही मिळत. योजना दाखल झालेल्या पेशंटची, यादीतल्या उपचारांची. रोजच्या गोळ्या, तपासण्या, रिक्षाचं भाडं, आठ दिवसांचे खाडे यादीत नाहीत. मी आरोग्यखर्च म्हणताना डोळ्यांपुढे आयसीयूचं बिल आणतो, त्या गोळ्यांची पट्टी आणतात. सुधारणा कोणाच्या भीतीवर बेतायची, हे ठरवणाऱ्या खोलीत माझ्यासारखेच जास्त बसत असणार.

वर आणखी एक शेरा : 'फुकटात करत्यात म्हंजे कसं करत्याल?' सुनेच्या बाळंतपणाला त्यांनी कर्ज काढून खासगी दवाखाना गाठला होता. आपण म्हणतो गरिबाला फुकटची सवय लागते. मावशींना फुकटाची धास्ती वाटते, कारण आजवर फुकट म्हणून जे मिळालं त्यात किती वेळ उभं राहावं लागलं हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे.

*

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. मित्र म्हणाला, 'आता गर्दी बघ!' तो तिथे शेवटचा गेला होता मुलीला पोलिओचा डोस द्यायला. मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे.

*

मेव्हणे केंद्र सरकारात. सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत कोणाला जनरल वॉर्ड, कोणाला सेमी-प्रायव्हेट, कोणाला स्वतंत्र खोली, हे बेसिकवर ठरतं. ताप तोच, सलाईन तेच. प्रमोशनचे पेढे वाटताना ते हसत म्हणाले, 'आता आजारी पडायला हरकत नाही.'

*

डॉक्टर मंडळींचं वेगळंच. तालुक्याच्या गावी वीस खाटांचं नर्सिंग होम चालवणारा वर्गमित्र म्हणतो, 'पॅकेजचा दर बघ आणि भूलतज्ज्ञाची फी बघ.' क्लेमचे पैसे अडकले की कर्जाचा हप्ता त्याचाच चुकतो. मार्च २०२३मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर आले आणि एप्रिलच्या सुरुवातीला समझोता होईपर्यंत दवाखाने बंद राहिले. मित्र त्यांच्या बाजूने होता. त्याच्या दवाखान्यातल्या आयाबाई कायद्याच्या. दोघं एकाच वेळी चहा घेतात, वेगवेगळ्या कपांत.

*

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व १९४६च्या भोर समितीच्या अहवालात आहे. सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे, शिकले डेक्कन कॉलेजात. एवढ्या साध्या वाक्याला इतके रंग कसे चढले, यावर अहवालात अर्थातच काही नाही.

*

परवा एका हॉस्पिटलात योजनेच्या खिडकीशी थांबलो होतो. आत आरोग्यमित्र, चोविशीतला मुलगा. समोर धोतर-टोपीतले आजोबा, हातात फाईल.

'कार्ड कुठलं, आजोबा?'

'पांढरं हाय,' आवाज एकदम खाली. 'पन दाखला आणलाय. तहसीलचा. उत्पन्न कमीच हाय, बगा.'

'आता दाखला लागत नाही. सगळ्यांना आहे.'

आजोबांनी कागद मागे घेतला नाही. घडीवर घडी पडून तो मधोमध फाटायला आला होता, मागून सेलोटेप लावलेली.

'असू द्या,' म्हणाले. 'लावून ठिवा फायलीला.'