कांडवेल

नाशिक जिल्हा म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात. मी दिंडोरी तालुक्यातली, त्यामुळे कॉलेजात आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, “तुमची बाग किती एकर?” आमची बाग नाही. आई दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला जाते. आमच्या दाराशी आहे ती कांडवेल.

आपण सर्वांनी ती कुंपणाच्या निवडुंगावर पसरलेली पाहिली असेल. हिरवी, मांसल, चौधारी कांडी, प्रत्येक पेरापाशी आवळलेली. पाने असून नसल्यासारखी. हिलाच हाडसांधी म्हणतात, संस्कृतात अस्थिशृंखला. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सांगितले, ही द्राक्षाच्याच कुळातली, अगदी इथलीच. खूण म्हणून त्यांनी पानासमोरून निघणारा ताणा दाखवला. घरी येऊन आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “मग हिला गं कोण औषध मारतं?”

गेल्या वर्षी गोडी छाटणीनंतर, ऐन हंगामात, आईचा पाय पाटात घसरला आणि मनगट मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले. घरात मजुरी आणणारी ती एकटीच; तिच्या जागी मी टोळीत गेले. महिनाभर मराठीच्या तासाला माझी गैरहजेरी लागली. वर्गात जीए म्हणजे कुलकर्णी. बागेत जीए म्हणजे घड बुडवायचे जिबरेलिक आम्ल! मणी फुगावेत म्हणून एकेक घड त्यात बुडवायचा. मग विरळणी. मान वर करून करून रात्री उशीसुद्धा टोचे.

तिथेच मला द्राक्षवेलीच्या बुंध्यावरची कलमाची गाठ दिसली. वर थॉमसन, खाली डॉगरिज. ही डॉगरिज अमेरिकेतल्या टेक्सासकडची रानवेल. आमच्याकडची खारवट माती आणि अपुरे पाणी तिचे मूळ सोसते, म्हणून आधी ती लावतात आणि मग तिच्यावर कलम भरतात. फ्रान्समध्ये १८६० नंतर मुळांवरच्या किडीने बागाच्या बागा वाळल्या, तेव्हा त्यांनाही अमेरिकेतल्या रानवेलींच्या मुळांनीच तारले. बाजारात नाव मात्र वरच्या वेलीचे. टोळीतल्या बायकांना हे सांगितले, तर त्या खूप हसल्या. एक म्हणाली, “आपल्यावानीच की!”

प्लास्टर निघाल्यावर आजीने कांडवेल ठेचून, गरम करून मनगटावर बांधली. मी नको म्हणत होते, कारण तिचा रस खाजतो. आई म्हणाली, “खाजेनं तरी हात जागा झाला.” हाड प्लास्टरने जुळले की वेलीने, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. आई तटस्थ आहे. ती कामावर जाऊ लागली.

उन्हाळ्यात त्या बागेचे निवडुंगाचे कुंपण काढून तारेचे केले. कांडवेल निवडुंगाबरोबर ढिगात गेली. आईने संध्याकाळी येताना ढिगातली दोन कांडी पदरात आणली आणि तेलाच्या फुटक्या डब्यात खोचली. आता वेल पत्र्यापर्यंत चढली आहे. सरांनी कॉलेजच्या बागेसाठी एक कांडे मागितले आहे. आजी विचारते, “कालेज काय देणार?”