न सांगण्याचें पथ्य

शिफारस करणें हें मोठें जोखमीचें काम आहे, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. तांदूळ सुचवावा, वैद्य सुचवावा, फार तर एखादें स्थळही सुचवावें. परंतु कोड्यांचा खेळ सुचवितांना जीभ आवरतां आली पाहिजे!

१९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें सेक्टरांना आंकडे घालून आखलेल्या या नव्या मुंबईंत हरवण्याची सोय नाहीं. म्हणून कीं काय, नेरूळच्या आमच्या घरीं मी आणि धाकटा भाऊ संगणकावरील खेळांत हरवत असूं. बंदुकांचे बार उडविण्यापेक्षां अनोळखी जगांत भटकत एकेक कोडें उलगडण्याची आम्हांला गोडी. १९९३ सालच्या ‘मिस्ट’मधील निर्जन बेटानें अनेकांना लावलेला हा नाद!

२०१९ सालच्या ‘आउटर वाइल्ड्स’नें मला पुरतें वेड लावलें. त्यांत एक चिमुकली सूर्यमाला आहे. २२ मिनिटांनीं सूर्याचा स्फोट होतो आणि सारें पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. नवें शस्त्र मिळत नाहीं, बळ वाढत नाहीं. वाढतें तें केवळ ज्ञान. शेवटची वाट जवळजवळ आरंभापासूनच मोकळी असते. ठाऊक नसते इतकेंच. हें सांगितलें तेंही कदाचित् अधिकच झालें!

एके रविवारीं भाऊ तासभर एकाच जागीं अडला होता. मला राहवेना. मागून जातां जातां मी एकच वाक्य बोललों. त्यानें माझ्याकडे पाहिलें, खेळ बंद केला आणि इतकेंच म्हटलें, “दादा, तें माझें होतें रे.” तो खेळ त्यानें पुन्हां उघडला नाहीं. पुढें नोकरीसाठीं तो बंगळूरला गेला.

पैसे घेतले तर परत करतां येतात. सांगितलेलें उत्तर परत घेतां येत नाहीं. आमची आजी कोडें घाली आणि उत्तर मागितलें कीं म्हणे, “झोपून उठ, मग सांगेन.” सकाळीं तें आमचें आम्हांलाच सुचलेलें असे. तिचें पथ्य मला उशिरां कळलें.

गेल्या महिन्यांत भावाला मीं २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ सुचविला. ईस्ट इंडिया कंपनीचें एक जहाज १८०७ सालीं माणसांवांचून परत येतें. त्यावरील ६० जणांचें काय झालें तें शोधावयाचें. कांहीं खलाशी आपल्या हिंदुस्थानचेही आहेत. “कसा आहे?” त्यानें विचारलें. “खेळून पाहा,” मी म्हणालों.

परवां रात्रीं एक वाजतां त्याचा फोन आला. “दादा, तो माणूस कोण तें कळलें!”

मला तें दोन वर्षांपासून ठाऊक होतें.

“कोण रे?” मीं विचारलें.