नाव परत मिळण्याची गोष्ट

उर्सुला ले ग्विनचं 'द टूम्ब्स ऑफ अतुआन' मला आठ वर्षांनी मिळालं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलमधल्या एका सीनियर मुलीने याच मालिकेचा पहिला भाग, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', वाचायला दिला होता. १९६८ सालचं पुस्तक, जेमतेम दोनशे पानांचं. त्यात माणसाला दोन नावं असतात: एक चारचौघांत हाक मारायचं आणि दुसरं खरं, फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं. खरं नाव ज्याला कळलं, त्याची तुमच्यावर सत्ता चालते.

पुढचा भाग १९७१चा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर शोधला, अप्पा बळवंत चौकात शोधला. तिसरा भाग दोनदा दिसला, दुसरा कधीच नाही. परदेशातून मागवायला तेव्हा पैसे नव्हते आणि नोकरी लागून पैसे आले तोवर शोधण्याचीच चटक लागली होती. "मोबाइलवर वाच की," असं मैत्रिणी म्हणायच्या. पण दिवसाचे दहा तास कोड बघितल्यावर मला गोष्ट तरी कागदावर हवी असते. शेवटी जूनमध्ये जुन्या पुस्तकांच्या एका दुकानदाराचा फोन आला. एकशेवीस रुपये. आत कुठल्याशा शाळेच्या लायब्ररीचा पुसट शिक्का. शनिवारी दुपारी सुरू केलं, रात्री दीडला संपवलं.

इतकी वाट पाहिलेलं पुस्तक बहुतेक वेळा निराश करतं. इथे मला हवं होतं ते मिळालंच नाही, आणि तरी मी खूश झाले. मला हवा होता गेड, पहिल्या भागातला जादूगार. त्याची होडी, बेटं, ड्रॅगन. तो बराच वेळ येतच नाही. येते ती तेनार. आधीची मुख्य पुजारीण ज्या रात्री मेली त्या रात्री ही जन्मली, म्हणून लहानपणीच तिला आईबापांपासून तोडून देवस्थानात आणतात. तिचं नाव काढून घेतात आणि तिला 'अर्हा' म्हणू लागतात; अर्हा म्हणजे गिळली गेलेली. तिचं राज्य म्हणजे जमिनीखालचा काळाकुट्ट चक्रव्यूह. तिथे अंधारात ती भिंती चाचपत, वळणं मोजत सगळे रस्ते पाठ करते. गेड तिथे चोरासारखा शिरतो, ती त्याला कोंडते, आणि तोच तिला तिचं नाव परत देतो. ती नसती तर तो तहानेने मेला असता. तो नसता तर ती तिथेच राहिली असती. बाहेर पडल्यावर तिला नुसता आनंद होत नाही. ती रडते, वाया गेलेल्या वर्षांसाठी. मोकळं होणं हे ओझंही असतं, हे मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकात इतक्या सरळपणे आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मला आजी आठवली. ती सतराव्या वर्षी लग्न होऊन आली. आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. एडिटरमध्ये आम्ही एखाद्या व्हेरिएबलचं नाव बदलतो तसं: एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. रेशनकार्डावर, बँकेत, आमच्या तोंडी. मागच्या रविवारी मी तिला विचारलं, "आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?" ती आधी हसली. मग म्हणाली, "त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही." मग तिने नाव सांगितलं, आणि मी त्या नावाने हाक मारली तेव्हा पदराने डोळे पुसले. ते नाव मी इथे लिहीत नाही. अर्थसीत लिहिलं नसतं.

डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. "नाव कोणतं ठेवायचं ठरलं?" हा प्रश्न दोन्ही घरांतून प्रेमानेच येतो. आजवर मी तो हसण्यावारी नेत होते. परवा होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, "आहे तेच." त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "माझं मूळ नाव तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं.

मालिकेतला चौथा भाग, 'तेहानू', १९९० साली आला. त्यात तेनार पुन्हा भेटते म्हणे, शेतकऱ्याची विधवा म्हणून, आणि गावात तिला वेगळ्याच नावाने ओळखतात. त्यासाठी मात्र मी आठ वर्षं थांबणार नाही. कालच मागवलंय.