पाणी गोड आहे का?

दर वर्षी ख्रिस्तशरीराचा सण जवळ आला की मला एक जुना शनिवार आठवतो. मी राजापेठेतल्या माझ्या खोलीत प्रवचनाची टिपणे काढीत बसलेलो असतो. बाहेर तापलेला रस्ता पहिल्या पावसाची वाट पाहत असतो. आणि माझे मन मात्र इटलीतल्या एका डोंगरमाथ्यावरच्या गावी जाऊन पोहोचते. त्या गावाचे नाव ओर्विएतो.

१९९८ साली मी रोमच्या उर्बानियाना विद्यापीठात ईशज्ञानाचा अभ्यास करीत होतो. गुरुदीक्षा होऊन जेमतेम वर्ष झाले होते. आमचे एक वृद्ध प्राध्यापक म्हणत, ‘‘ओर्विएतो पाहिल्यावाचून मायदेशी परतू नका.’’ तेव्हा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पाव आणि दोन उकडलेली अंडी पिशवीत घालून मी तेर्मिनी स्थानकावर गाडी पकडली. सव्वा तासाने खिडकीतून पाहिले, तर सपाट शेतांमधून एक प्रचंड कातळ सरळ वर उठला होता आणि त्याच्या माथ्यावर अख्खे गाव वसले होते. मला एकदम गाविलगड आठवला. शाळेच्या सहलीत गुरुजींनी आम्हांला तो दाखवला होता आणि सांगितले होते, ‘‘किल्ला तोफेने पडण्याआधी तहानेने पडतो, म्हणून आधी तलाव पाहा.’’

स्थानकापासून माथ्यावर दोरखंडाने ओढली जाणारी छोटी गाडी जाते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या भारावर चालत असे. वरच्या डब्याची टाकी भरली की तो आपल्या वजनाने खाली उतरे आणि खालचा डबा वर ओढला जाई. आता ती विजेवर चालते.

आधी मी महामंदिरात गेलो. परंपरा सांगते की १२६३ साली बोहेमियाचा एक धर्मगुरू रोमच्या यात्रेला निघाला होता. पवित्र भाकरीत प्रभू खरोखर उपस्थित असतो का, या शंकेने तो व्याकूळ झाला होता. जवळच्या बोल्सेना गावी मिस्सा अर्पण करताना त्याच्या हातातल्या ओस्तियातून रक्त ठिबकले आणि वेदीवरचे वस्त्र भिजले. त्या वेळी पोप चौथे उर्बान ओर्विएतोत मुक्कामास होते. पुढच्याच वर्षी, १२६४ साली, त्यांनी ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या ख्रिस्तसभेसाठी घोषित केला. ते वस्त्र या महामंदिरात जपून ठेवले आहे. १२९० साली मंदिराची पायाभरणी झाली. दर्शनी भिंतीवर उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची सारी कथा संगमरवरात कोरली आहे. मी वही काढून पानेच्या पाने टिपणे घेतली.

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून माथ्याच्या कडेला असलेली संत पॅट्रिकची विहीर पाहायला गेलो. १५२७ साली शत्रुसैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी या गावाचा आश्रय घेतला. इथेही वेढा पडला तर पाण्याचे काय, या भीतीने त्यांनी सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ही विहीर खोदवून घेतली. ती १५३७ साली पुरी झाली. खोली पन्नास मीटरहून अधिक, म्हणजे आपल्या भाषेत तीसेक पुरुष. विहिरीच्या भोवती एकमेकांभोवती वळणारे दोन स्वतंत्र जिने आहेत. प्रत्येकाला २४८ पायऱ्या. पाणी आणायला खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत, त्यामुळे येणाऱ्याची व जाणाऱ्याची कधी गाठ पडत नसे. मी पायऱ्या मोजीत तळाशी गेलो, पुलावर उभा राहून वर पाहिले. आकाश एका वाटोळ्या ताटलीएवढे दिसत होते.

त्या रात्री मी बाबांना चार पानी पत्र लिहिले. विहिरीचे वर्णन मुद्दाम विस्ताराने केले. कारण आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर बाबांनी भावांच्या मदतीने शेतात विहीर खोदली होती. आठ पुरुषांवर पाणी लागले. नारळ फुटला, गूळ वाटला गेला. बाबांनी पहिली ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. ती विहीर भांडी घासायच्या कामाची राहिली. प्यायचे पाणी आई पुढेही कित्येक वर्षे डोक्यावरून आणीत असे. आमच्याकडे पाण्याला एकच प्रश्न विचारला जाई : गोड की खारे?

जानेवारीत बाबांचे उत्तर आले. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे मोठाले अक्षर. ‘‘तुही चिठ्ठी भेटली. पायऱ्या लिवल्या, खेचरं लिवली. पाणी गोड हाये का खारं, थे काही लिवलं नाही. सांगजो.’’

मला हसू आले आणि मग लाज वाटली. मी ते पाणी चाखले नव्हते. चाखता येते का, हेही कुणाला विचारले नव्हते. वर्षे, उंची, शिल्पकारांची नावे, सारे माझ्या वहीत होते. ज्यासाठी विहीर असते तेवढे मात्र नव्हते. परीक्षा झाली की सविस्तर लिहू, असे म्हणून मी ते पत्र प्रार्थनाग्रंथात ठेवले. एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. बाबा गेले होते. मला दफनालाही पोहोचता आले नाही. पत्राचे उत्तर राहूनच गेले.

याकोबाच्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्री भेटली तेव्हा प्रभूने प्रवचनाने आरंभ केला नाही. तो तहानलेला होता. त्याने पाणी मागितले. धर्मगुरू होऊन मला बरीच वर्षे झाली. बोल्सेनाची कथा मी कित्येकदा सांगितली आहे, तारखांसकट. पण समोर बसलेल्या माणसांत कुणाची शेती बुडालेली असते, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला असतो. त्यांना तारखा नको असतात. मी जे वाढतो आहे ते मी स्वतः चाखले आहे का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

आज राजापेठेत नळाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते. ते गोड आहे. प्रवचन लिहून झाले की मी त्याचा पेला भरून घेतो, प्रार्थनाग्रंथातले ते पिवळे पडलेले पत्र उघडतो आणि बाबांचा प्रश्न माझ्या टिपणांना विचारतो. दर वेळी उत्तर ‘होय’ येतेच असे नाही. तसे झाले की कागद फाडतो आणि पुन्हा लिहायला बसतो.