पांझरेकाठचे दप्तर

चाळीसगाव सोडून धुळ्याची शाखागाडी उत्तरेकडे वळली, म्हणजे सातमाळ्याचे डोंगर हळूहळू मागे पडू लागतात. परंतु ज्याला खानदेशच्या इतिहासाची ओढ आहे, त्याची नजर गाडी पुढे धावत असताही त्या डोंगरांवरच खिळून राहते, कारण त्यांच्या पायथ्याशी पाटण आहे. तेथील भवानीच्या देवळातील, भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शके ११२८चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी जो चांगदेव, त्याने आपल्या आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनार्थ येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ राजांनी त्यास वृत्ती लावून दिली. वंशप्रशस्ती डौलदार संस्कृतात आहे. मात्र पेठेतील कोणत्या कराचा हिस्सा मठास पावावा, हा विषय निघताच लेख मुकाट्याने मराठीवर येतो.

धुळे त्या मानाने अर्वाचीन. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेशचा कारभार ज्याच्या हाती आला, त्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने येथे ठाणे केले व पांझरेच्या काठी नवी पेठ वसवली. हाच गृहस्थ पुढे फेरिस्ताच्या फारसी तवारिखेचा इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आला. तेव्हा या शहराच्या पत्रिकेत इतिहासाचा ग्रह आरंभापासूनच बलवान होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध करणारा, दप्तरांच्या शोधात गावोगाव वणवण करणारा, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेऊनही पुढे त्याच मंडळाशी बिनसलेला हा विलक्षण तापट पुरुष गेला, त्याला दोन आठवडेही उलटले नसतील तोच, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन केले. शोकसभेचा ठराव कागदावर राहण्याचीच आपल्याकडे रीत. येथे ठरावाची इमारत झाली, ‘संशोधक’ नावाचे त्रैमासिक निघाले, ग्रंथालय व वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

संग्रहालयातील मूर्ती, नाणी आणि ताम्रपट मी पाहिले. पण खरे सांगावयाचे तर मन गुंतले ते रुमालांत. रुमालाची गाठ सुटली की प्रथम येतो जुन्या कागदाचा उग्र वास, आणि मग एकाच ओढीच्या शिरोरेषेखाली धावणारी बोरूची मोडी ओळ. मजसमोर एक महजर उलगडण्यात आला. वतनाच्या तंट्याचा निवाडा, गोतसभेपुढे झालेला. मजकुरापेक्षा खालच्या साक्षी अधिक बोलक्या होत्या : पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी आपापल्या हत्याराची निशाणी करून साक्ष घातली होती. नांगराचा दांडा काढताना बोरू थबकला असावा, कारण तेथे शाईचा ठिपका फुगलेला दिसतो. राजेरजवाड्यांच्या खलित्यांत ‘मोर्तब सूद’चा कितीही रुबाब असो, मुलूख कसा नांदत होता हे या निशाण्याच सांगतात, आणि राजवाडे अशा कागदांसाठी लोकांच्या माळ्यांवर व बळदांत का धुंडाळत, ते येथे ध्यानात येते.

आपल्याकडे संग्रह पाहून धन्यता मानणारे पुष्कळ, त्याच्या खर्चाची चौकशी करणारे थोडे. चांगदेवाच्या मठामागे राजाज्ञेने लावून दिलेले करांचे उत्पन्न होते. आजच्या संस्थांना तसा पेठेचा हिस्सा नाही, आणि द्रव्याहून मोठी टंचाई मोडी वाचणाऱ्यांची आहे. वाळवीवर औषध मिळते, कागदाला पातळ अस्तर लावता येते. पण हिजरी महिन्यातली ‘छ’ची मिती लावून तारीख काढणारा माणूस घडण्यास वर्षे लागतात. खानदेशच्या प्रत्येक तालुक्याने एकेक होतकरू मुलगा किंवा मुलगी वर्षासन देऊन येथे मोडी शिकण्यास धाडावी, असे मी तेथील एका वृद्ध सभासदांना सुचवले. ते हसून म्हणाले, “धाडा हो, पण जेवणाखाणाची तजवीज लेखी करून धाडा.”