नायिका जगली पाहिजे

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहितेस, मग ताजमहालावर का नाही लिहीत, असं मला वर्षातून दोन-चारदा तरी कोणी विचारतं. विचारणारा बहुधा बाहेरगावचा. बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या फोपनारच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण आमच्याकडून ताजमहाल मागच्या दाराने दिसतो.

17 जून 1631 ला मुमताज बऱ्हाणपुरात गेली. चौदावं बाळंतपण, वय अडतीस. तापीपलीकडे जैनाबादला तिला पुरलं, सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. संगमरवर त्यानंतरचा. त्याच जैनाबादच्या बागेत पुढे औरंगजेब हिराबाईवर भाळला म्हणतात. तीही अकाली गेली. एका काठावरच्या दोन गाजलेल्या प्रेमकथा, आणि दोन्हींत बाई जाते, पुरुष मागे राहून शोक करतो. लोकांना तो शोकच आठवतो. मी मात्र माझ्यापुरता एक नियम करून टाकला: शेवटच्या पानावर नायिका चालती-बोलती पाहिजे.

नियम माझा, पण त्याचं मूळ मावशीकडे. तिच्या गावातल्या भाड्याच्या लायब्ररीत कादंबरीकार काकोडकरांची पुस्तकं कव्हर निघेपर्यंत फिरायची. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून 1969 मध्ये ‘दो रास्ते’ आला, तर मावशी सिनेमा पाहून येऊन म्हणाली, पुस्तकातली बरी होती. ती कुठलंही पुस्तक आधी शेवटून उघडायची. “मरत नाही ना, तेवढं बघते. मग सावकाश वाचते.” आम्ही हसायचो. आता वाटतं, तिला उत्कंठा नकोच होती, तिला भरवसा हवा होता. कीर्तनात तरी काय असतं? सीतेचं पुढे काय होणार हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी बुवा थांबले की बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. ‘कसं’ हे सांगता आलं, तर ‘काय’ आधीच कळल्याने बिघडत नाही.

गोड शेवट म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी भांडायचे. आता तेवढं भांडत नाही, कारण एकदा ते खरे ठरले होते. माझ्या एका कादंबरीत वादळात नायिकेच्या घरची केळी आडवी होते, कर्ज डोक्यावर येतं, आणि सतराव्या प्रकरणात एक दूरचा काका मरून पैसे ठेवून जातो. संपादकांनी बाड परत पाठवलं. वर एकच शब्द: काका? दोन दिवस चिडले, तिसऱ्या दिवशी काकाला काढून टाकलं.

मग आपली बाग पडली तेव्हा काय केलं होतं, ते आबांना विचारलं. मे महिन्यातल्या वाऱ्याने आमची निसवलेली केळीची बाग एका संध्याकाळी झोपली होती, तेव्हा मी दहावीत होते. माझ्या आठवणीत आबा खचलेले होते. ते म्हणाले, खचलो होतोच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन गेलो. पडलेली खोडं कापली, बुडाशी फुटलेलं कोणतं पील धरण्याजोगं आहे ते पाहत ओळीने फिरलो. “भाव मिळेल याची खात्री होती?” माझा पुस्तकी प्रश्न. “खात्री असती तर व्यापारी झालो असतो.” नवं सतरावं प्रकरण मी त्या ओळींमधून लिहिलं. नुकसान तसंच ठेवलं, कर्जही पुरतं फिटत नाही. नायिका फक्त पील निवडते, आणि तिच्यासोबत ओळीने कोण चालतंय हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

आमच्या गावचं नाव बाहेर पोचलं ते 1960 च्या दशकात जमिनीतून निघालेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्तींमुळे. वाकाटकांच्या आगेमागेच्या काळातल्या. काही आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मला त्या मूर्तींपेक्षा पुरणारा माणूस छळतो. कोणी मुद्दाम पुरल्या असतील, तर परत येण्याच्या भरवशावर त्याने खूण लक्षात ठेवली असणार. इतिहासकार असा हट्ट धरणार नाही. माझा धंदा वेगळा आहे.

आणि ताजमहाल? त्यावर नाही, पण त्याच्या अलीकडे लिहिते आहे. त्या चौदाव्या बाळंतपणातली मुलगी, गौहरआरा, जगली. थेट 1706 पर्यंत. पंचाहत्तर वर्षं! तिची आठवण कोणी काढत नाही. पहिलं प्रकरण तीनदा फाडलं, कारण आईच्या मरणापासून सुरू केलं की सगळी कथा बादशहाकडे ओढली जाते. आता सुईणीपासून सुरू केलंय. खोलीतल्या सगळ्यांची तोंडं पलंगाकडे आहेत, तिची पाठ त्यांच्याकडे. तळहातावर पालथं घेतलेलं बाळ ती थोपटते आहे, आणि पोर अजून रडलेली नाही.